शाळेचं मैदान आणि वीज: वसईतल्या एका नमुना प्रकरणाचा अभ्यास

एका शाळेच्या नावावर एकाच वर्षात दोन पत्रं आली. पहिलं पत्र वीज वितरण कंपनीचं: 33/11 केव्ही उपकेंद्रासाठी शाळेच्या मागच्या बाजूची 30 गुंठे जागा हवी. दुसरं पारेषण कंपनीचं, म्हणजे उच्च दाबाची वीज लांबवर नेणाऱ्या कंपनीचं: 220 केव्हीची नवी वाहिनी त्याच मैदानावरून जाणार आणि एक मनोरा मैदानाच्या हद्दीत उभा राहणार. शाळा ख्रिस्ती ट्रस्टची, मराठी माध्यमाची, वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. चार एकर जागेपैकी निम्म्यावर इमारती, उरलेले दोन एकर मैदान.

आधीच सांगतो की ही शाळा नमुन्यादाखल घेतली आहे. अमुक गावातली अमुक शाळा असं बोट दाखवून सांगण्यासारखं हे प्रकरण नाही. मात्र त्यात येणारे कायदे, निकाल आणि दर खरे आहेत. अशी पत्रं आली की शाळेत आणि कंपनीच्या कार्यालयात जो गोंधळ उडतो, तोही खराच. दोन्ही पत्रांवरचं शिक्षक, पालक आणि ट्रस्टी यांचं पहिलं म्हणणं साधारण एकच असतं: "आपण अल्पसंख्याक आहोत, घटनेने आपल्या जमिनीला संरक्षण दिलंय, त्यांना हात लावता येणार नाही." कंपनीच्या बाजूचं म्हणणंही ठरलेलं: "सार्वजनिक काम आहे, जागा द्यावीच लागेल." दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. आणि कुणाचं कुठलं अर्धं बरोबर, हे प्रत्येक पत्रागणिक बदलतं.

वसईत जमिनीचा प्रश्न निघाला की माणसं लगेच सावध होतात, आणि त्याला कारण आहे. केळी, पानवेली, विहिरी आणि बावखलं (गोड्या पाण्याची तळी) यांचा हा पट्टा बांधकामाखाली जाऊ नये म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून मोठी चळवळ उभी केली होती. कुपारी, वाडवळ आणि ईस्ट इंडियन कुटुंबांतली आजची पालक पिढी ते मोर्चे बघत वाढली. त्यांच्यासाठी जागा मागणारं पत्र म्हणजे आधी संशय आणि मग विचार.

पण विजेची गरजही खोटी नाही. 2011च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांवर होती आणि त्यानंतर इमारती थांबलेल्या नाहीत. उपकेंद्र दूर असलं की तिथून निघणाऱ्या 11 केव्हीच्या वाहिन्या, म्हणजे फीडर, लांबत जातात, एकेका फीडरवरची घरं वाढून तारेतला प्रवाह वाढतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेत वाया जाणारी वीज चौपट होते. शेवटच्या टोकाच्या घरात संध्याकाळी पंखा घरघरत फिरतो, पाण्याची मोटर उचलत नाही, बर्फाच्या कारखान्याचं काम अडतं. म्हणून उपकेंद्र लोकवस्तीच्या मध्यात लागतं. "तिकडे मिठागराकडे न्या ना," असं सभेत कुणीतरी म्हणतंच. पण 2018च्या जुलैत मिठागराचा भाग पाण्याखाली जाऊन माणसं अडकली होती आणि वसईत वीज बंद ठेवावी लागली होती. सखल, खारफुटीच्या आणि किनारा नियंत्रण क्षेत्राच्या जागेत रोहित्रं बसवणं म्हणजे पुढच्या पुरात सगळा तालुका अंधारात घालण्याची तयारी. कंपनीला उंचावरची आणि रस्त्याला लागून असलेली मोकळी जमीन हवी असते. गावात अशी जमीन बहुधा शाळेचीच असते.

वरून जाणारी वाहिनी

आधी दुसरं पत्र घेऊ. गैरसमज तिथे जास्त आहेत.

वीज कायदा 2003च्या कलम 164 खाली राज्य सरकार पारेषण कंपनीला 1885च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की कंपनी कुणाच्याही जमिनीवरून वाहिनी नेऊ शकते, मालकाची संमती लागत नाही. जमीन मालकाचीच राहते, कंपनीकडे जातो फक्त वापराचा हक्क. 2023च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदा रद्द करतानाही वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सेंच्युरी टेक्स्टाइल्स विरुद्ध पॉवर ग्रिड प्रकरणात, 2016 साली, या अधिकाराला स्पष्ट शब्दांत मान्यता दिली. तिथे तक्रार चुनखडीच्या खाणीची होती.

घटनेच्या कलम 30(1क) मध्ये अल्पसंख्याक शैक्षणिक संस्थेच्या मालमत्तेच्या *सक्तीच्या संपादनाची* गोष्ट आहे. वाहिनी जाण्याने संपादन होत नाही. म्हणून या पत्राला उत्तर देताना शाळेने घटनेचं कलम पहिल्या पानावर घालणं मला चुकीचं वाटतं. कंपनीचा वकील दोन परिच्छेदांत तो मुद्दा निकाली काढतो, आणि मग शाळेची खरी बाजूही पडते. शाळेची खरी बाजू कुठे आहे? आखणीत आणि मोजमापात.

मोजू या. मैदान 110 मीटर लांब आणि 73 मीटर रुंद. वाहिनी लांबीच्या दिशेने जाते. 220 केव्हीसाठी तारांखालचा पट्टा साधारण 35 मीटर धरतात. म्हणजे 35 गुणिले 110, 3850 चौरस मीटर, जवळजवळ 38 गुंठे. मैदान अवघं 80 गुंठ्यांचं. अर्ध्याला थोडं कमी गेलं. त्या पट्ट्याखाली मुलं पळू शकतात, तारा जमिनीपासून सुमारे 7 मीटरपेक्षा खाली येता कामा नयेत असा नियम आहे. पण तिथे वर्गखोली बांधता येणार नाही, पतंगाला बंदी घालावी लागणार, स्नेहसंमेलनाचा मंडप उभा करायला प्रत्येक वेळी परवानगी, आणि माडाच्या दोन रांगा जाणार. चुंबकीय क्षेत्राची भीती पालक सगळ्यात आधी मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली अशा क्षेत्रांना "कदाचित कर्करोगकारक" गटात टाकलं, आणि त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे एवढाच. या एका मुद्द्यावर वाहिनी थांबेल असं पालकांना सांगणं मला योग्य वाटत नाही. पण त्यांच्या काळजीला उत्तर न देता गप्प बसवणंही वाईट. वाहिनी सुरू होण्याआधी आणि झाल्यावर मैदानात मोजमाप करून त्याचा कागद शाळेला द्यायला कंपनीला खर्च फारसा येत नाही.

आता पैसे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के भरपाई सुचवली आहे. मार्च 2025च्या पुरवणीत पट्ट्याचा दर महापालिका क्षेत्रात 60, नगरपालिका क्षेत्रात 45 आणि ग्रामीण भागात 30 टक्के असा लावला. प्रत्यक्ष काय लागू होईल ते राज्याच्या निर्णयावर. आणि इथे वसईची एक खास अडचण. 2009 साली महापालिका झाली तेव्हापासून 29 गावं तिच्यात असावीत की बाहेर, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. शाळेचं गाव त्यातलं असेल तर एका शिक्क्याने भरपाई दुप्पट किंवा निम्मी होते.

30 टक्क्यांनी हिशेब करा. 38 गुंठ्यांच्या पट्ट्याचे पैसे म्हणजे 11 गुंठ्यांची किंमत. 60 टक्क्यांनी केलं तर 23 गुंठ्यांच्या आसपास. वाहिनीखाली शेत असेल तर हा हिशेब कदाचित चालून जाईल, शेतकरी भात लावतच राहतो. शाळेला मात्र पुढच्या वीस वर्षांत नव्या वर्गखोल्या याच जागेत बांधायच्या असतात. ती वाट बंद झाली की 11 गुंठ्यांचे पैसे बँकेत ठेवून काय होणार? शेजारी 38 गुंठे विकायला कुणी बसलेलं नसतं.

म्हणून सगळा जोर आखणी बदलण्यावर लावायला हवा, आणि तोही लवकर. सर्वेक्षणाची माणसं दांडे घेऊन मैदानात येतात तेव्हा शाळेने लेखी हरकत आणि पर्यायी आखणीचा नकाशा द्यावा. या प्रकरणात शाळेच्या पश्चिम कडेला ओढा आहे, पलीकडे रस्ता. तिकडून वळवली तर वाहिनी काहीशी लांबते आणि वळणावर एक कोनाचा मनोरा जास्त लागतो. मनोरा एकखांबी करता येतो, त्याला जागा कमी लागते. जमिनीखालून केबल नेणं हा पर्याय आहे, पण 220 केव्हीची केबल हवेतल्या तारेच्या कितीतरी पट महाग पडते, आणि तो भार शेवटी सगळ्यांच्या बिलात येतो. म्हणून केबलचा आग्रह मी धरणार नाही, कडेने नेण्याचा धरीन. कंपनी ऐकत नसेल आणि शाळेने काम अडवलं, तर तार कायद्याच्या कलम 16 नुसार कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे शाळेकडे मोजणीचा नकाशा आणि पर्यायी आखणी तयार असेल तर सुनावणीला अर्थ येतो. नुसतं "शाळेवरून नको" असं निवेदन असेल तर अधिकाऱ्याकडे ठरवायला काही उरत नाही.

कोपऱ्यातलं उपकेंद्र

पहिल्या पत्राचं गणित वेगळं आहे. उपकेंद्रासाठी जमीनच जाणार. इथे कलम 30(1क) पूर्ण ताकदीने उभं राहतं.

हे कलम आलं कसं, हे समजल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. 1971च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काच्या कलम 31 मध्ये "नुकसानभरपाई"च्या जागी "रक्कम" आणली, म्हणजे सरकार देईल ती रक्कम पुरेशी आहे का हे न्यायालयाने विचारू नये अशी व्यवस्था केली. त्याच वेळी भीती वाटली की एखाद्या सरकारने अल्पसंख्याकांची शाळा सरळ बंद न करता तिची जमीन कवडीमोलाने घेतली तर शाळा आपोआप बंद पडेल. म्हणून तिथेच एक अपवाद घातला: अशा संस्थेला द्यायची रक्कम तिच्या हक्काला बाधा आणणारी नसावी. 1978च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला आणि कलम 31 गेलं, तरी हा अपवाद उचलून कलम 30 मध्ये ठेवला. सगळ्यांच्या जमिनीचं मूलभूत संरक्षण गेलं, हे एवढं राहिलं.

2001 साली सोसायटी ऑफ सेंट जोसेफ्स कॉलेज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. अल्पसंख्याक शैक्षणिक संस्थेची मालमत्ता सक्तीने घ्यायची तर संसदेने किंवा विधिमंडळाने त्यासाठी खास कायदा करायला हवा आणि त्या कायद्याने मिळणारी रक्कम संस्थेचं कामकाज कोणत्याही प्रकारे खिळखिळं करणारी नसावी. 1894चा जुना भूसंपादन कायदा त्यासाठी पुरेसा नव्हता. 2014 पासून लागू झालेल्या 2013च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी कलम 41 आणि 42 अशी स्वतंत्र कलमं आहेत. अल्पसंख्याक शाळांसाठी असं वेगळं प्रकरण त्यात नाही. म्हणून भूसंपादनाची नोटीस निघाली तर शाळेचा वकील हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडणार, आणि मांडलाच पाहिजे.

यातून शाळेला नकाराधिकार मिळतो असा अर्थ मात्र निघत नाही. घटना संपादनाला हरकत घेत नाही, ते कोणत्या रकमेला होतं त्याकडे बघते. आणि ती रक्कम रेडी रेकनर, म्हणजे सरकारी जमीनदरांचा तक्ता, बघून ठरत नाही. मोजायचं एवढंच, की ती घेऊन शाळा आज चालते तशी उद्या चालेल का. 30 गुंठ्यांच्या बदल्यात बाजारभावाच्या दुप्पट मिळाले, पण चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं मैदान मिळतच नसेल, तर दुप्पटही कमी आहे. उलट शेजारीच तेवढं मैदान कायमचं वापरायला मिळत असेल तर पैसे कमी असूनही शाळेचा हक्क शाबूत राहतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे: शाळेच्या बाबतीत किंमत लावायची ती मैदानाच्या कामाला, गुंठ्यांच्या भावाला नाही.

शाळेची एक कमकुवत बाजूही आहे. सातबाऱ्यावर नाव आहे धर्मग्रामाच्या ट्रस्टचं, शाळा चालवणारी सोसायटी वेगळी. घटनेचं कलम "शैक्षणिक संस्थेच्या मालमत्ते"ला लागू होतं. कंपनी म्हणणार, जमीन शाळेची कुठे आहे, ती चर्चची आहे. त्यावर ट्रस्टने सोसायटीला दिलेला ठराव, शाळेच्या मान्यतेचे आणि यू-डायसचे (शाळांच्या सरकारी माहितीनोंदीचे) कागद, इतक्या वर्षांचे मैदान वापराचे पुरावे, अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र, हे सगळं लागतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने संस्था कुणी, कशासाठी आणि कुणाच्या पैशातून उभी केली याकडे बघायला सांगितलं. जुन्या शाळांचे हे कागद जुन्या फादरांच्या कपाटात पिवळे पडलेले असतात, फेरफार राहून गेलेला असतो. पत्र येण्याची वाट न बघता हे आवरून ठेवलं तर निम्मी लढाई आधीच होते.

शाळेच्या स्टाफरूममधली बैठक अशा वेळी कशी होते, ते डोळ्यांसमोर आणा. उपअभियंता नकाशा टेबलावर पसरतात.

"फादर, आम्हाला नुसता कोपरा पाहिजे. मैदान तसंच राहील."

मुख्याध्यापिका सिस्टर नकाशावर बोट ठेवतात. "साहेब, या कोपऱ्यात लांब उडीचा खड्डा आहे, त्याच्या मागे मुलींची स्वच्छतागृहं. गेट इथून काढलंत तर रोहित्राची लॉरी मुलींच्या वाटेवरून येणार."

साहेब थांबतात. जागेवर कुणी नीट बघितलेलंच नसतं, नकाशावर तो भाग कोराच असतो. मागून एक आई म्हणते, "सिस्टर, लाइट तर आम्हालापण पाहिजे. माझ्या सासूला रात्री मशीन लागते श्वासाची." खोली शांत होते. उपकेंद्र नको असं म्हणणारं त्या खोलीत कुणी नसतंच. कुठे आणि कसं एवढंच ठरायचं असतं.

आणि इथे फादरांनी एक गोष्ट अजिबात करू नये: त्या बैठकीत संमतिपत्रावर सही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950च्या कलम 36 प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कंपन्यांना सक्तीच्या संपादनापेक्षा वाटाघाटीने जागा घेणं सोपं वाटतं आणि अनेकदा ते दोघांच्याही हिताचं असतं. पण परवानगीशिवाय केलेला करार टिकत नाही. मग काम अर्ध्यात थांबतं आणि दोष शाळेवर येतो.

कुठे जुळवता येतं

मला या प्रकरणात जी तडजोड योग्य वाटते ती अशी. उपकेंद्र 30 गुंठ्यांत मोकळ्या हवेतलं न करता इमारतीच्या आतलं करावं. आतल्या स्विचगियरला (वीज जोडण्या-तोडण्याच्या यंत्रणेला) जागा बरीच कमी लागते, मग रस्त्यालगत 12 गुंठ्यांत ते बसू शकतं आणि मैदान मधोमध न फाटता एका टोकाला कमी होतं. त्याला शाळेपासून वेगळं गेट, विटांची उंच भिंत, रोहित्राच्या बाजूला आगीची भिंत आणि तेल जिरवायचा खड्डा. रोहित्रात काही हजार लिटर तेल असतं, ते शाळेच्या विहिरीच्या बाजूला उतरता कामा नये. मालकी ट्रस्टकडे ठेवून लांब मुदतीचा भाडेकरार, धर्मादाय आयुक्तांच्या आदेशानंतर. उपकेंद्र कधी बंद झालं तर जागा परत शाळेकडे, हे करारातच लिहिलेलं.

12 गुंठ्यांच्या बदल्यात महापालिकेच्या जवळच्या आरक्षित क्रीडांगणाचा शाळेच्या वेळेत वापर, लेखी आणि किमान भाडेकराराएवढ्याच मुदतीचा. याला कंपनीबरोबर महापालिकेलाही टेबलावर बसवावं लागतं. हा सगळ्यात कठीण भाग आहे, कारण तिथे शाळेचं भांडण कुणाशी नाही, पण काम तिसऱ्याच्या हातात आहे. वाहिनी ओढ्याच्या कडेने, एकखांबी मनोऱ्यावर. आखणी तेवढी वळवल्याचा वाढीव खर्च कंपनीचा, आणि मैदानावरून वाहिनी न गेल्याने पट्ट्याच्या भरपाईवर शाळेचा दावा नाही.

एवढं झालं तर शाळेच्या 80 गुंठ्यांपैकी 68 उरतात, मैदानाचा आकार धावपट्टीला पुरतो, आणि उपकेंद्र वस्तीच्या मध्यातच होतं. कुणाला कमी दिसेल. ट्रस्टींपैकी एक-दोघे म्हणतील की न्यायालयात गेलो तर 30(1क) वर सगळंच अडवता आलं असतं. कदाचित आलंही असतं. संपादनासाठी राज्याने खास कायदा केलेला नसेल तर सेंट जोसेफ्सच्या निकालाचा आधार भक्कम आहे. पण मग उपकेंद्र दोन-चार वर्षं रखडणार, आणि ती वर्षं त्याच गावातल्या पोरांनी बारावीचा अभ्यास मेणबत्तीवर करायची.

राज्याने मात्र एक काम टाळू नये. अल्पसंख्याक शाळांच्या जमिनीसाठी रक्कम कशी ठरवायची, बदली मैदानाला किती वजन द्यायचं, जमीन ट्रस्टच्या नावावर आणि शाळा सोसायटीची असेल तर काय, याचं स्पष्ट कलम विधिमंडळात मांडायला हवं. आज प्रत्येक शाळा आणि प्रत्येक उपअभियंता हे पहिल्यापासून शोधत बसतात. तोवर या शाळेपुरतं पुढचं पाऊल ठरलेलं आहे: मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात, कलम 36चा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे, आणि पश्चिमेच्या आखणीचा नकाशा पारेषण कंपनीकडे पोच घेऊन, सर्वेक्षणाचे दांडे मैदानात रोवले जाण्याआधी.